बिल्डरची ताकद कशी मोजावी

दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांत भक्कम कोणती, हे ठरवायला सर्वप्रथम साइट ऑफिसातला एसी बघावा. मे महिन्याच्या दुपारी नालासोपारा स्टेशनवरून घामाघूम होऊन आलेल्या माणसाला जिथे दहा मिनिटांत शाल मागावीशी वाटते, ती कंपनी श्रीमंत. मग सॅम्पल फ्लॅट. तिथला पलंग बेतानेच बनवलेला असतो आणि खोल्यांना दारं नसतात, त्यामुळे जागा प्रशस्त भासते. टेप नेऊ नये, अविश्वास दिसतो. शेवटी चौकातले गणेशोत्सवाचे बॅनर मोजावेत.

एवढ्यावर समाधान न होणाऱ्या चिकित्सकांनी ताळेबंद काढावा. चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागावं आणि उत्तर 2 आलं की हुरळून जावं. बिल्डरच्या ताळेबंदात विक्रीसाठी बांधायची जमीन बहुधा 'साठा' म्हणून चालू मालमत्तेतच बसते, म्हणजे बिस्किटवाल्याच्या गोदामातल्या पुड्यांसारखी, जणू उद्या सकाळी खपणार. ती वजा करून पुन्हा भागाकार करू नये. उत्तर बघून चहा कडू लागतो. एकूण कर्जातून हातातली रोकड वजा करून निव्वळ कर्ज काढण्याची खोडही बरी नव्हे. जमीन कुठली, हे तर विचारूच नये. जुलै 2018 च्या पावसात वसईच्या मिठागरांतली माणसं पाण्यात अडकली होती, पण सातबाऱ्यावर जमीन बाराही महिने कोरडीच असते.

तरी कोणी हट्टाने तुलना केलीच, तर 2007 चा जुलै घ्यावा. त्या महिन्यात डीएलएफ आणि एचडीआयएल, दोघीही शेअर बाजारात आल्या. शेअर अनुक्रमे 525 आणि 500 रुपयांना विकलेले. एचडीआयएल आपली म्हणायची, कारण तिच्या जमिनीचा मोठा हिस्सा वसई-विरार पट्ट्यातला. जमीन दोघींकडे उदंड, कर्जही दोघींवर. डीएलएफचं तर 20 हजार कोटींच्या वर गेलं होतं. पण तिने लाज सोडून विकायला काढलं: 2012 मध्ये मुंबईतली गिरणीची जमीन लोढांना 2,727 कोटींना, पुढे पवनचक्क्या, परदेशी हॉटेलं. 2017 मध्ये प्रवर्तकांनी भाड्याच्या इमारतींच्या कंपनीतला एक तृतीयांश वाटा सिंगापूरच्या जीआयसीला विकला आणि पैसा डीएलएफमध्ये ओतला. जमीनदाराला असं वागणं शोभतं का?

एचडीआयएलची जमीन जागच्या जागी राहिली आणि ऑगस्ट 2019 मध्ये बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढच्याच महिन्यात कळलं की पीएमसी बँकेच्या सुमारे 8,880 कोटींच्या कर्जांपैकी 6,500 कोटींहून जास्त या एकाच समूहाकडे आहेत, आणि ते झाकायला 21 हजारांवर बनावट खाती उघडलेली. मालमत्ता, कर्ज आणि रोकड यांतला फरक ठेवीदारांना शिकवायला रिझर्व्ह बँकेने सुरुवातीला 1,000 रुपयांचीच मर्यादा घातली. सहा महिन्यांत एका खात्यातून तेवढेच काढायचे. एवढा थोडक्यात धडा कुठल्याही वाणिज्य शाखेत मिळत नाही.

आता एसीत गारठून चेकबुक बाहेर आलंच असेल, तर सही करण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव टाका आणि त्यावर कोणत्या बँकेचा बोजा आहे ते बघा. त्याला पैसे पडत नाहीत.