खूण न करता पीओ सोडणाऱ्या साहेबांस

प्रति,
खरेदी विभागातील साहेब,


कारखान्याचं नाव लिहीत नाही. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. ज्याचं त्याला बरोबर कळेल.

सिंहस्थाच्या बॅरिकेडचं काम आलं आणि तुम्ही एमएस पाइप झटपट मागवलात. माल वेळेवर आला, काम निघालं. त्याबद्दल तक्रार नाही. पण पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, करताना ‘नेहमीपेक्षा वेगळी ऑर्डर’ या चौकोनात टिक करायला तुमचा हात उचलला नाही. शेरा लिहिल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढं जाऊ देत नाही, म्हणून त्या रकान्यात तुम्ही फक्त एक टिंब ठेवलंत. लाखो रुपयांच्या खरेदीचं कारण: एक टिंब!

आता हिशेब बघा. हा पाइप आपल्याला महिन्याला ४०० किलो लागतो. त्या एका महिन्यात ५८०० किलो लागला. सहा महिन्यांची सरासरी झाली १३०० किलो. दोन महिन्यांचा साठा ठेवायचा नियम, म्हणून री-ऑर्डर लेव्हल ८०० वरून २६०० वर गेली. सॉफ्टवेअरनं सुचवलं, तुम्ही न वाचता मंजूर केलं. लग्नाच्या पंगतीवरून घरचा महिन्याचा किराणा भरावा, तसा हा कारभार. टिक केली असती तर तो माल सरासरीतून आपोआप वगळला गेला असता.

जादा १८०० किलो पाइप रॅकमध्ये मावला नाही, म्हणून शेडच्या कडेला पडला. पावसाची झड लागून टोकांना तांबेरा चढलाय. पोरं पॉलिश पेपरनं घासत बसतात. किलोला सत्तर रुपये धरले तरी सव्वा लाखावर रक्कम तिथं अडकली. इकडं पावडर कोटिंगवाला बिलासाठी हेलपाटे घालतोय. लेखी करार असला तरी लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्या, असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. त्याच्या घरची चूल तुमच्या टिंबापायी थांबली.

खूण करायला तुम्हाला कमीपणा का वाटतो? खूण म्हणजे आरोप नव्हे. भाव एकदम चढला, पुरवठादार नवा आहे, किंवा मंजुरीची मर्यादा पन्नास हजार आणि एकाच दिवशी एकोणपन्नास हजारांचे तीन पीओ निघाले, तर दुसऱ्या माणसानं थांबून बघावं, एवढ्यासाठीच ती असते. सरळ खरेदी करणाऱ्याला तिचाच आधार असतो. चौकशी झाली तर त्या दिवशीचं कारण त्याच्या बाजूनं बोलतं. टिंब कुणाच्याच बाजूनं बोलत नाही.

सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चं, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ चं. मागचा सिंहस्थ २०१५ साली झाला. बारा वर्षांनी येणारी ही मागणी नाशिकच्या कितीतरी लहान कारखान्यांच्या स्टोअरमधून जाणार आहे. ती पुन्हा लगेच येणार नाही, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? ते फक्त आकडे जाणतं. कुंभमेळा तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ही जबाबदारी तुमची.

तेव्हा साहेब, तो जुना पीओ उघडा, टिक करा, टिंब खोडून ‘सिंहस्थ, एकदाच’ असं लिहा आणि री-ऑर्डर लेव्हल पुन्हा ८०० वर आणा. जादा पाइप संपेपर्यंत नवा पीओ काढू नका. आणि पावडर कोटिंगवाल्याचं बिल याच आठवड्यात सोडा.

आपला,
स्टोअरकीपर