चार्ज कुणाकडे?

चार्ज हा शब्द आपल्याकडे सकाळी मोबाइलला लागतो, दुपारी बिलावर चढतो, संध्याकाळी मोर्चावर तुटून पडतो आणि रात्रीच्या बातम्यांत कोर्टात दाखल होतो. एवढ्या ठिकाणी एकच इसम दिसला असता तर पोलिसांनी त्याला हटकलं असतं. शब्दांना कुणी विचारत नाही.

विचारलं ते माझ्या भाचीने. ती सेमी-इंग्रजी शाळेत आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी सगळं मराठीत. विज्ञानाच्या तासाला इलेक्ट्रॉनवरचा निगेटिव्ह चार्ज झाला. पाठोपाठ इतिहासाच्या तासाला सायमन कमिशन आलं, ३० ऑक्टोबर १९२८ ची लाहोरची निदर्शनं आली, लाला लजपतराय आले आणि बाई बोलता बोलता लाठीचार्ज म्हणून गेल्या.

"मामा, लाठीत करंट सोडायचे का रे?"

"नाही गं. लाठी उगारून धावून जायचे."

"मग मोबाइल चार्ज होतो तेव्हा कोण कुणावर धावून जातं?"

तिने शब्दकोश उघडला, अर्थांना एक-दोन-तीन आकडे घातलेले पाहिले आणि सगळे वहीत उतरवून पाठ करायच्या तयारीला लागली. परीक्षेच्या दृष्टीने ते योग्यच. पण हा शब्द पाठ करण्यापेक्षा त्याची गाडी शोधलेली बरी.

गाडी म्हणजे खरोखरच गाडी. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे सामान वाहायचं वाहन, तेही रोमनांनी गॉलमधल्या केल्टांकडून उचललेलं. त्यावरून गाडीत माल भरायचं क्रियापद झालं आणि जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत चार्ज होऊन उतरलं. जहाजावरचा कार्गो याच घराण्यातला, दारात उभी असलेली कारही याच घराण्यातली. कॅरिकेचरसुद्धा: इटालियनांच्या लेखी ते 'भार टाकलेलं' चित्र, आणि तो भार बहुतेक वेळा बिचाऱ्या नाकावर पडलेला असतो.

एकदा ओझं हाती लागलं की पुढचं सोपं. माणसावर कामाचं ओझं टाकलं, चार्ज. गिऱ्हाइकावर पैशांचं टाकलं, चार्ज. कुणाच्या डोक्यावर गुन्ह्याचं ठेवलं, तोही चार्ज. आपल्याकडे चार्जशीट पोलीस दाखल करतात, पण चार्ज ठेवायचा की नाही हे न्यायाधीश ठरवतात, आणि या दोन्हींच्या मधे माणसाची उमेदीची वर्षं निघून जातात. बंदुकीत दारू ठासली की तो चार्ज झाला, आणि हत्यार रोखून घोडा फेकला की तोही. क्रिमियन युद्धात, २५ ऑक्टोबर १८५४ ला, बालाक्लाव्हाच्या खोऱ्यात सहाशेच्या वर इंग्रज घोडेस्वारांनी असाच चार्ज केला. शत्रू ओढून नेत असलेल्या तोफा वाचवा, असा वरून हुकूम होता. कोणत्या तोफा, हे मात्र खाली नीट पोचलं नाही आणि स्वार भलत्याच तोफांच्या तोंडी गेले. त्यावर टेनिसनने कविता केली. हुकूम नीट लिहिला असता तर इंग्रजी साहित्य एका कवितेला मुकलं असतं.

विजेकडे हा शब्द आला तो बंदुकीकडून. काचेच्या लायडन बरणीत वीज साठवायचे प्रयोग चालू होते, त्या काळात, १७४७ च्या सुमारास, बेंजामिन फ्रँकलिन आपल्या पत्रांतून बरणी 'चार्ज' झाल्याचं लिहू लागला. दारू ठासावी तशी वीज ठासली, एवढाच त्याचा हिशेब. पुढे अशा बरण्या ओळीने जोडल्यावर त्यांना त्याने नाव दिलं बॅटरी, कारण तोफांच्या ओळीला बॅटरी म्हणत. म्हणजे आपण उशाशी घेऊन झोपतो त्या वस्तूत बॅटरी आणि चार्ज दोन्ही तोफखान्यातून आलेले आहेत. रात्री तीन वाजता त्यावर येणारे शुभसकाळचे संदेश पाहता हे पटायला जड जात नाही.

मजा अशी की आपणही याच वाटेने चालत आलो, आणि फ्रँकलिनला न विचारता. आपण बंदुकीत बार भरतो. फारसीत बार म्हणजे ओझंच. (लग्नाचाही बार उडतो, त्यात कुणाचं ओझं उतरतं आणि कुणावर चढतं हा घरोघरचा विषय.) साहेबांचा चार्ज तो पदभार, सरचार्ज तो अधिभार, विहिरीचं रिचार्ज ते पुनर्भरण. सभेत वातावरण चार्ज झालं तर आपण ते भारलं म्हणतो. विजेचा चार्ज तो प्रभार आणि इनचार्ज तो प्रभारी. पक्षाचा प्रभारी आणि विज्ञानाच्या पुस्तकातला प्रभारित कण हे असे सख्खे निघाले. दोघांच्याही भोवती एक क्षेत्र तयार होतं, आणि आपण ओढले जाणार की ढकलले जाणार, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही.

चार्ज म्हणजे ओझं, हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर मुख्याध्यापक बदलतात त्या दिवशी शाळेत जावं. चार्ज-यादी टेबलावर पसरलेली असते. पितळी घंटा एक, हातोडीसह. पृथ्वीचा गोल एक, आसाशिवाय. लोखंडी खुर्च्या बारा, पैकी चार नादुरुस्त. भिंतीवरचं घड्याळ एक, बंद. या चार खुर्च्या आधीच्या आधीच्या सरांच्या काळापासून नादुरुस्तच आहेत, पण निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होत नाही तोवर पृथ्वीसकट त्या सगळ्या एका सरांकडून दुसऱ्या सरांकडे जात राहतात. येणारे सर "सगळं मोजून घेतो" म्हणतात आणि न मोजता सही करतात. जाणाऱ्या सरांचे खांदे तेवढ्यात दोन इंच वर आलेले दिसतात.

डिस्चार्ज म्हणजे हेच, ओझं उतरवणं. दवाखान्यात डॉक्टर सकाळच्या राउंडला "आज डिस्चार्ज" म्हणतात, पेशंट शर्ट घालून कॉटवर बसतो, पिशव्या भरल्या जातात. पण चार्जेस भरल्याशिवाय डिस्चार्ज नाही. बेड चार्जेस, नर्सिंग चार्जेस, ड्रेसिंग चार्जेस इथवर ठीक असतं. सगळ्यात खाली, सगळ्यात मोठा आकडा घेऊन 'इतर चार्जेस' बसलेले असतात.

"इतर म्हणजे काय हो?"

"ते इनचार्ज सर सांगतील."

"सर कुठायत?"

"जेवायला गेलेत."

"फोन लावा ना."

"लावला. बंद येतोय. चार्जिंग संपलं असेल."