दीडशे रुपयांची जीभ

गाडी पाच स्टारची. ती घेण्याआधी आमच्या मित्राने चार महिने अभ्यास केला. आधी गोंदियात, मग नागपुरात, दिसेल त्या शोरूममध्ये बॉनेटवर बोटाने टकटक करून पत्रा ऐकला. दार धाडकन लावून, डोळे मिटून तो आवाज असा चाखला, जसा आपल्याकडचा व्यापारी तांदळाचा दाणा दाताखाली फोडतो. सहा एअरबॅग हव्यातच म्हणून घरात भांडून वरचं मॉडेल घेतलं. "सेफ्टीत तडजोड नाही जी." गाडी आली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली. तिसऱ्या दिवशी मित्राने दीडशे रुपयांची क्लिप आणून बेल्टच्या खाचेत खुपसली. बेल्ट लावा म्हणणारी टुंगटुंग बंद.

ही क्लिप म्हणजे बेल्टच्या टोकाला असते ती लोखंडी जीभ. फक्त तिला बेल्ट नसतो.

दुकानात ती तारेला लटकलेली असते, एका बाजूला सुगंधी बाटल्या, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचं लिंबू-मिरची. कंपनीच्या चिन्हाची वेगळी, सोनेरी मुलाम्याची वेगळी, देवाचं चित्र असलेली वेगळी. देवाची जास्त खपते, दुकानदार म्हणाला. बरोबरच आहे. बेल्टचं काम देवाकडे सोपवायचं, तर देवाला निदान त्या जागेवर बसवायला नको?

पण मी हरलो ते चौथ्या प्रकारापुढे. त्या क्लिपच्या दुसऱ्या टोकाला बाटलीचं झाकण उघडायची सोय होती. मी ती हातात घेऊन पाच मिनिटं तिथेच उभा राहिलो. एका टोकाने गाडीला गंडवायचं, दुसऱ्या टोकाने बूच उडवायचं. ज्या कारागिराने ही वस्तू घडवली, त्याने आपले रस्ते, आपल्या वराती आणि आपला स्वभाव किती बारकाईने पाहिला असेल! एवढा अभ्यास गाडी बनवणाऱ्यांनीही केलेला नाही. ते बिचारे सनरूफ देत बसले, गोंदियाच्या नवतप्याच्या उन्हात डोक्यावर काच उघडायला. या क्लिपवर मला एकच उणीव दिसली. मधल्या सपाट जागेत मालकाचा रक्तगट कोरून मिळायला हवा. आणि मागे घरचा फोन नंबर. म्हणजे नंतर कोणाची धावपळ नको.

१ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही टुंगटुंग सक्तीची झाली. त्याच दिवसापासून ताशी ८० किलोमीटरच्या वर गेलं की गाडी इशारा देते. त्याला अजून क्लिप निघालेली नाही, याचं मित्राला मनापासून दुःख आहे. बेल्ट का लावत नाही, याची त्याच्याकडे उत्तरं आहेत. शर्टाची इस्त्री मोडते. पोट दाबतं. आणि "आमगावलेच तं जाऊन रायलो जी." जणू झाडं आमगावच्या पुढेच लागतात! जयस्तंभ चौकात पोलीस दिसला की मात्र उजवा हात झटकन वर जातो, पट्टा छातीवरून ओढला जातो आणि मांडीजवळ मुठीत धरला जातो, मंगलाष्टकं संपेपर्यंत अक्षता धरतात तसा. खाचेत घालणार कसा? तिथे देव बसलाय. चौक संपला की मूठ सुटते. दंड वाचतो आणि पाच स्टार पुन्हा मोकळे.

मीही गाड्यांचा वेडा आहे, म्हणून आता सरळच बोलतो. पत्रा वाजवून गाडी कळत नाही. चांगल्या गाडीचं नाक चुरगळावं म्हणूनच तसं घडवलेलं असतं. ते चुरगळताना धक्का खातं, म्हणून आतली खोली शाबूत राहते. त्या खोलीत माणसाला धरून ठेवतो तो पट्टा. १९५९ साली स्वीडनमधल्या मोटारीत आलेला हा तीन टोकांचा पट्टा. तेव्हापासून गाडीत सगळं बदललं, याची जागा घेणारं काही निघालं नाही. स्टिअरिंगवर एसआरएस अशी तीन अक्षरं असतात, त्यातला पहिला एस म्हणजे पूरक. एअरबॅग पूरक आहे, पट्ट्याची मदतनीस! पट्ट्याने धरलेली छाती झेलायला ती क्षणार्धात फुगते, मोकळा उडून येणारा माणूस झेलायला नव्हे. आणि तुम्ही लाखभर जादा मोजून मदतनीस आणता, मग दीडशे रुपये देऊन मालकाला हाकलता? वर पुढच्या सीटवर, मांडीवर, पोर बसवता? याला शौक म्हणत नाहीत. याला काय म्हणतात ते संपादक छापणार नाहीत.

गेल्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांतली गोष्ट. अर्जुनी-मोरगावकडे नाटक पाहून पहाटे चारला परतत होतो. धुकं. पुढच्या सीटवर मित्राचा मेहुणा, त्याच्या मांडीवर चार वर्षांचा भाचा. एकाएकी समोर धानाने भरलेली ट्रॉली, ना दिवा ना रिफ्लेक्टर. मित्राने ब्रेक दाबला, गाडी हातभर अंतरावर थांबली. पोराचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. आवळ्याएवढं टेंगूळ. नशीब, तेवढंच.

मित्र खाली उतरून ट्रॉलीवाल्यावर बरसला. लाईट नाही, लाल पट्टी नाही, लोकांच्या जिवाशी खेळतोस! शब्दन् शब्द खरा होता. ट्रॉलीवाला काही बोलला नाही. धान खरेदी केंद्रावर नंबर लागावा म्हणून तो रात्रीच निघालेला. आम्ही गेलो तेव्हा तो कट्ट्यांवरून टाकलेला दोर पुन्हा आवळत होता. चाळीस किलोचा एकेक कट्टा, ब्रेक लागला की घसरतो, हे त्याला ठाऊक होतं.

आम्ही परत गाडीत बसलो. पोर मुसमुसत होतं. बाकी गाडी अगदी शांत होती. तिच्या हिशेबी सगळ्यांनी बेल्ट लावलेले होते.