बाबा, ते मांजर आधी काढा

ऑर्हूस, डेन्मार्क

ती. आई-बाबांस,

बाबा, तुम्ही पाठवलेला स्क्रीनचा फोटो पोचला. पंचांग उघडलं की आधी गुडघेदुखीचं तेल, मग पनवेलचे प्लॉट, मग 'अभिनंदन, तुम्ही फोन जिंकलात', आणि या सगळ्याच्या फटीतून कशीबशी एकादशी दिसते, ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे. पण त्याच फोटोत वरच्या कोपऱ्यात एक्स्टेन्शनच्या चिन्हांची रांग दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. हवामान सांगणारं, कूपन शोधणारं, पीडीएफचं वर्ड करणारं, आणि माउसच्या बाणाचं मांजर करणारं! ते मांजर कोणी बसवलं? आई फोनवर शपथेवर म्हणाल्या, त्यांनी नाही.

एक्स्टेन्शन म्हणजे घराची किल्ली दिलेला माणूस. बसवताना एक चौकट येते, तिच्यात लिहिलेलं असतं की हा तुमच्या सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचू आणि बदलू शकतो. तुम्ही आयुष्यभर विम्याचे कागद भिंग घेऊन वाचलेत, आणि इथे मात्र थेट 'ओके'? ते मांजर पेन्शनचं खातंही बघत असेल! शिवाय माणूस तोच राहतो असंही नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक एक्स्टेन्शन होतं, न लागणारे टॅब झोपवून मेमरी वाचवायचं. लाखो लोक वापरायचे, अमोलसुद्धा. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर ठरवून बंद केलं.

तेव्हा मोजकीच ठेवा. जाहिरातींसाठी 'यूब्लॉक ओरिजिन'. रेमंड हिल नावाच्या गृहस्थांनी ते २०१४ मध्ये सुरू केलं. पैसे घेत नाहीत, देणगीसुद्धा नाही. नावात 'ओरिजिन' आहे ना, ते नीट बघा, कारण नुसतं 'यूब्लॉक' म्हणून जे मिळतं ते वेगळं, दुसऱ्यांच्या हातातलं. आता क्रोमने नियम बदलल्यापासून त्यावर त्याची 'लाइट' आवृत्तीच चालते. पूर्ण हवं असेल तर फायरफॉक्स घ्या. तुमच्या अँड्रॉइड फोनवरही फायरफॉक्सच. तिथल्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसतच नाही, उगाच शोधत बसू नका.

आमची इथली डोकेदुखी निराळी. २०१८ मध्ये युरोपचा नवा डेटा कायदा लागू झाला आणि तेव्हापासून कुकीची परवानगी मागणाऱ्या चौकटींना ऊत आला. दुकानाचं आठवड्याचं ऑफरपत्रक उघडून दूध स्वस्त झालंय का बघावं, तर आधी पानभर डॅनिश. 'सगळं मान्य' हे बटण ठसठशीत, आणि नकाराचं असं लपवलेलं की आईंनी आमच्यापासून लपवलेला लाडवांचा डबा लवकर सापडेल. यावर उतारा काढला तो आमच्याच गावच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी: 'कन्सेंट-ओ-मॅटिक'. आपण एकदाच सांगायचं, काय चालेल आणि काय नाही. मग ओळखीची चौकट आली की ते स्वतःच खुणा भरून तिला मिटवतं. तोंडावर नाही म्हणायला आपल्या घरात कुणाला जमत नाही, म्हणून माझं हे फार लाडकं.

आई, तुमच्यासाठी 'स्पॉन्सरब्लॉक'. यूट्यूबवर व्हिडिओच्या मध्येच येणारी मसाल्याची जाहिरात, 'लाइक करा, बेल दाबा', हे ते वगळून पुढे नेतं. पण कुठून कुठपर्यंत वगळायचं ते बघणाऱ्यांपैकीच कुणीतरी नोंदवावं लागतं, आणि आपल्या पुरणपोळीच्या व्हिडिओंवर अजून कुणी हात फिरवलेला दिसत नाही. दुपारी वेळ असतो, तुम्हीच सुरू करा. मात्र एक करा. त्या तुमच्या आवडत्या ताई त्या मसाल्यावरच घर चालवत असतील, त्यांना वगळू नका. बाबा, तुम्हीही रोजच्या वर्तमानपत्राच्या साइटवर यूब्लॉकचं पॉवरचं बटण दाबून ते तेवढ्यापुरतं बंद ठेवा. बातमी फुकट वाचायची आणि जाहिरातही नको, असं कसं चालेल?

'डार्क रीडर'ने पांढरं पान काळं होतं, डोळ्यांना बरं. आधी आईंना सांगून ठेवा, नाहीतर त्या लोडशेडिंग समजून इन्व्हर्टर बघायला जातील.

शेवटचं, आणि यावर मी ऐकणार नाही. देवघरातल्या पोथीखालची पासवर्डची वही. तिच्यातले सगळे पासवर्ड नातवाचं नाव आणि पुढे १२३ आहेत हे नातवालाही माहीत आहे; परवा त्याने माझ्यासमोर तुमचं रेल्वेचं खातं उघडून दाखवलं. 'बिटवॉर्डन' घ्या, फुकट आहे. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड तेच तयार करतं आणि भरतं. आपण एकच लांबलचक लक्षात ठेवायचा. बँकेसारखं दिसणारं खोटं पान आलं तर पत्ता जुळत नाही म्हणून ते आपणहून पासवर्ड भरत नाही. भरलं नाही तर चिडून हाताने टाइप करू नका, आधी मला फोन करा.

रविवारी व्हिडिओ कॉलवर सगळं मिळून करू. तोवर मांजर हाकला.

तुमची सून,
मधुरा

ता. क. बाबा, अमोल लिहितोय. ती म्हणते तसं निमूट करा. माझ्या लॅपटॉपवरचं निम्मं तिने कालच काढलं. क्रिकेटचा स्कोअर दाखवणारं कोणी बनवलंय ते शोधून दाखवलं तरच परत मिळणार आहे. आणि मांजर मीच बसवलं होतं, दिवाळीत आलो तेव्हा. तिला सांगू नका.

ता. क. २. वाचलं मी. — मधुरा