आंबिया बहारातल्या गाड्या

आमच्याकडं माणसाला स्वप्नं पडायचा हंगाम ठरलेला आहे. डिसेंबरात संत्र्याचं पाणी तोडायचं, बगीचा ताणावर सोडायचा, पानं मलूल व्हायला लागली की काळजावर दगड ठेवून बघत बसायचं. मग जानेवारीत पाणी दिलं की थोड्याच दिवसांत झाडं फुलांनी पांढरी होतात आणि सातपुड्याच्या पायथ्यापासून वरूडपर्यंतचा मुलूख वासानं येडा होतो. या वासानं माणसाचं गणित बिघडतं. एरवी चहाचे पैसे कोण देणार म्हणून खिसे चाचपणारा गडी फुलोऱ्याच्या दिवसांत प्लॉटचे सौदे बोलतो. वरूड-मोर्शीला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' हे नाव ज्यानं कोणी दिलं, त्यानं ते नक्कीच फेब्रुवारीत दिलं असणार. ऑगस्टात आला असता तर दुसरं काहीतरी सुचलं असतं.

मी तीन एकरांचा धनी आणि पेशानं मास्तर, त्यामुळं प्लॉटपर्यंत माझी झेप जात नाही. मी गाड्यांवर थांबतो. गेल्या फेब्रुवारीत धुऱ्यावर बसून, खताच्या उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर, मी माझ्या स्वप्नातल्या गाड्यांची यादी केली. माझी खरी मालमत्ता एक मोपेड. यादीत गाड्या पाच.

आता पाच म्हणजे काही फार नाही. ब्रुनेईच्या सुलतानाकडं म्हणे हजारांनी आहेत. शिवाय माझी यादी वास्तववादी होती. अटी कडक होत्या. एक, गाडी आमच्या गल्लीत वळली पाहिजे. दोन, वरूडच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडल्यावर हात जोडता कामा नयेत. तीन, प्रत्येक गाडीला रोजच्या जगण्यात काम पाहिजे. नुसती पुसून ठेवायची गाडी नको. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला बाहेर निघते आणि लोक हात जोडून बघतात, ते ठीक आहे. ते राजे. आमच्या चुलतभावाला मी ही मेबॅकची गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "मंग बाकीचे ३६४ दिवस थे रिकामीच राह्यते का? कोनाले देत नाई?" पुढं काय होणार आहे, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

खरं म्हणजे असा संग्रह आमच्या घरात आधी होऊन गेलेला आहे. माझ्या आजोबांकडं तीन गाड्या होत्या. शेणखत, कडबा, कपाशी वाहायला बंडी. वरूडच्या बाजाराला एकट्यानं जायचं तर हलकी रेंगी. आणि लेकी-सुना आणायला, पोचवायला छपराची दमणी. बहिरमच्या जत्रेला बंडीत तंबू, हंडी आणि रोडग्याचं पीठ पुढं आणि दमणीत बायकापोरं मागं, असा ताफा निघायचा. तीन गाड्यांना इंजिनं दोनच, म्हणजे दोन बैलजोड्या. पण कोणती गाडी कधी जुंपायची यावर कधी वाद झाला नाही. माझ्या यादीचा पाया हाच. आजोबांच्या तीन गाड्यांच्या मी पाच केल्या, एवढीच माझ्या पिढीची प्रगती.

पहिली, मारुती ८००. १९८३ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात दिली तेव्हा मी शाळकरी होतो. पन्नास हजारांच्या आत मोटार मिळते, हे ऐकून आमच्या वडिलांनी शांतपणे विचारलं होतं, "बैलं धरून का?" ८०० ला मी रेंगीची जागा दिली. एकट्यानं वरूडला जायचं, बँकेत पासबुक भरायचं, भाजी आणायची.

दुसरी, टाटा सुमो. ही १९९४ ची. सुमो हे नाव जपानी पैलवानाचं आहे असं आमच्या स्टाफरूममध्येही पक्कं मत होतं. ते नाव टाटा मोटर्सच्या सुमंत मूळगावकरांचं, सुमंतमधला 'सु' आणि मूळगावकरांच्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'मो', हे सांगितल्यावर गणिताचे सर म्हणाले, "तरीच एवढे लोक बसते." लग्न, मौत, बारसं, नागपूरचा दवाखाना, या सगळ्यांना सुमो.

तिसरी, अॅम्बेसेडर. खरं सांगायचं तर हिला काम नव्हतं. पण मागच्या सीटवर डोळे मिटून बसायची माणसाला हौस असतेच. २०१४ साली उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ती निघायची बंद झाली, त्याचं मला सुतक पडलं होतं. तिला मी दमणीच्या जागी बसवलं; छप्पर तसंच गोल. चौथी, जुनी महिंद्रा जीप, पांदणीसाठी. पाचवी, टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. पाऊण टन माल नेतो. वीस किलोचं कॅरेट धरलं तर सदतीस कॅरेट संत्रा. हा झाला कंपनीचा हिशोब. आमच्याकडं कॅरेट मोजत नाहीत, दोरी पुरते का ते बघतात.

यादी पुण्याला मुलाला फोनवर वाचून दाखवली. तो म्हणाला, "पप्पा, यातल्या चार तर शोरूममध्ये मिळतच नाहीत. याला वास्तववादी म्हणता तुम्ही?" मी म्हणालो, मग तू सांग. त्यानं बॅटरीवरची सुचवली. वावरातल्या थ्री-फेजची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला मी टॉर्च घेऊन उठणार आणि आधी मोटर लावू का गाडी, यावर धुऱ्यावर उभा राहून विचार करणार. हे चित्र मुलाला दिसत नव्हतं. मला दिसत होतं, थंडीसकट.

बायकोनं वही बघितली. "अजी, पाच गाड्या ठेवान कोठी?"

मी अंगणाकडं हात केला. अंगणात जंभेरीच्या खुंटांवर डोळे भरलेली कलमं पिशव्यांमधून ओळीनं उभी होती. आमच्या गावाचं नावच त्या कलमांवर चालतं. तिनं माझ्या हाताच्या दिशेनं बघितलं, कलमांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आत गेली. आमच्या घरात ठराव असेच नामंजूर होतात.

इथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी ती यादी चहाच्या टपरीवर बोललो. फुलोरा होता, काय करणार.

चार दिवसांनी चुलतभाऊ घरी आला. चहा घेतला, पाऊस कसा राहील ते बोलला, उठता उठता म्हणाला, "भाऊ, एप्रिलच्या सव्वीसले माह्या साळ्याच्या पोरीचं लगन हाय मोर्शीले. तुमची सुमो सांगून ठेवतो."

"अरे, सुमो आहे कुठं?"

"आता नाई, मले मालूम हाय. पन सव्वीसलोक येईनच न? नाई त मंग आयत्या येळी दुसऱ्याले देऊन टाकान तुमी."

वऱ्हाडात गाडी ज्याची असते त्याची नसते, ज्याला लागते त्याची असते, हे मला ठाऊक होतं. पण जी गाडी अजून जन्मालाच आली नाही तिलाही हा कायदा लागू आहे, हे नवीन होतं. पुढच्या आठवड्यात व्याह्यांचा फोन आला, अॅम्बेसेडर नवरदेवाच्या वरातीसाठी. नगरपरिषदेच्या निवडणुकीवर डोळा असलेला एक होतकरू जीपची चौकशी करून गेला. स्पीकर तो स्वतः लावणार होता आणि डिझेलही टाकणार होता, हे त्यानं दोनदा सांगितलं. शेजारच्या बगीचावाल्यानं छोटा हत्ती तर पक्काच धरला होता. ८०० तेवढी कोणी मागितली नाही. लहान गाडीला कोणी विचारत नाही, याचं मला तिच्या वतीनं थोडं वाईट वाटलं.

आणि गंमत अशी की मी नाही म्हणू शकत नव्हतो. पहिल्यांदा हसलो, मग टाळलं, मग चक्क वहीत तारखा लिहायला लागलो. सव्वीस एप्रिलला सुमो चुलतभावाला आणि सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीलाही, असं दोनदा लागलं. मी चुलतभावाला सांगितलं की सव्वीसला जमणार नाही. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून टपरीवर मला पाठ करून बसायला लागला. वहिनींनी आमच्या घरी येणारं ताक बंद केलं. बायको म्हणाली, "असलेल्या वावरावरून भाऊबंदकी आयकली होती. नसलेल्या गाडीवरून पयल्यांदा पाह्यली." मीही चिडलो होतो. म्हणालो, "दिली असती गं, पण त्याचा पोट्टा गाडी घासतो." हे बोलून झाल्यावर मी स्वतःच थोडा वेळ गप्प बसलो.

सगळ्यात विचित्र प्रश्न मायचा होता. तिला आता कमी ऐकू येतं, पण गाड्यांची गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती. तिनं विचारलं, "दमनी हाय का त्यात?" मी अॅम्बेसेडरचं सांगितलं, छप्पर गोल आहे म्हणून. ती म्हणाली, "पन तिले खाली कडबा टाकता येते का?" लग्न होऊन ती या घरात दमणीतून आली. रात्रभराचा प्रवास, खाली कडबा आणि त्यावर सतरंजी, आणि घुंगरांच्या आवाजात झोप लागली ती एकदम आमच्या दारात उघडली, असं ती सांगते. स्प्रिंगच्या सीटवर बसून कोणाची एवढी झोप लागल्याचं मी ऐकलेलं नाही.

मे महिन्यात ऊन तापलं आणि झाडांनी बारकी फळं टाकायला सुरुवात केली. अॅम्बेसेडर गेली. मी वहीत तिच्या नावावर काट मारली, व्याह्यांना कळवलं. ते म्हणाले, "चालतेच."

जुलैत मात्र जीपचं महत्त्व पुन्हा पटलं. आमच्या वावराची पांदण दीड किलोमीटर. पहिल्या मोठ्या पावसानंतर मी मोपेड घेऊन घुसलो. काळ्या मातीचा स्वभाव सांगतो. ती आधी चाकाला चिकटते, मग मडगार्डला, मग या दोघांमध्ये एवढी ठासून बसते की चाक फिरायचंच थांबतं. पन्नास पावलांवर गाडी उभी. पऱ्हाटीची काडी शोधायची, खाली बसायचं, मडगार्डच्या आत घालून चिखल कोरायचा. काडी मोडते. दुसरी घ्यायची. चाक मोकळं झालं की आणखी पन्नास पावलं. चपलेला तोवर चार बोटं मातीचा तळ लागलेला असतो, माणूस उंच होतो. तिसऱ्यांदा कोरत बसलो होतो तेव्हा बाजूनं बंडी गेली. चाकांना चिखल होता, पण ती जात होती. बंडीवाला म्हणाला, "काहून सर, गाडी धुऊन राह्यले का?"

ऑगस्टात फळगळ लागली. सकाळी वावरात जायचं आणि झाडाखाली मोजायचं, हे काम फार वाईट. त्यातून मी मोजणी गाड्यांत करायला लागलो होतो. या झाडाखाली साठ पडले, सुमोचा टायर गेला. त्या ओळीत बुरशी दिसते, जीपचा गिअरबॉक्स. पोळ्यापर्यंत जीप पूर्ण गळून पडली. होतकरूला सांगितलं. निवडणूकही पुढं ढकलली गेली होती, तो रागावला नाही. सप्टेंबरात ८०० गेली. तिचं सांगायला कोणीच नव्हतं.

उरले दोन, सुमो आणि छोटा हत्ती. दिवाळीच्या तोंडावर व्यापारी आला. हे लोक बगीचात कसे चालतात, ते एकदा बघण्यासारखं आहे. झाडांकडं बघतच नाहीत. खाली बघतात. पडलेलं एक संत्रं बुटाच्या टोकानं फिरवलं, वाकून उचललं, अंगठ्यानं दाबलं, नाकाशी नेलं आणि टाकून दिलं. त्या टाकण्यात त्यानं भाव सांगितला होता. बोलणी पुढं तासभर चालली, पण ती आपली रीत म्हणून. मी दोन्ही गाड्या त्याच्या डोळ्यांदेखत सोडल्या. खताची उधारी फिटली, फवारणीचं फिटलं, मोपेडला दोन टायर आणि नवं सीट कव्हर आलं. वहीच्या शेवटच्या पानावर उधारीचा हिशोब लिहायला जागा कमी पडत होती, म्हणून तारखांवरूनच आकडे लिहिले.

तुळशीच्या लग्नानंतर चुलतभाऊ पुन्हा घरी आला. राग संपला होता. लग्नसराई सुरू झाली होती. चहा घेतला. थंडीचं बोलला. मग आवाज खाली करून म्हणाला, "भाऊ, झालं गेलं सोडा. चौदा तारखेले पोट्टी पाह्याले पांढुर्ण्याले जाऊन राह्यलो. सुमो मोकळी हाय का?"

मी म्हणालो, "सुमो गेली रे. विकली."

तो कप खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला.

"विकली? कितीत?"

मी व्यापाऱ्याचा भाव सांगितला.

"एवढ्यातच देऊन टाकली? अन् मले एका शब्दानं सांगतलं नाई? मी घेतली नसती का!"