तहकूब धाव

आश्विनाच्या उत्तरार्धात, म्हणजे घराघरांतून भाजणीचा खमंग वास सुटून भल्याभल्यांच्या विवेकास झापड येऊ लागते अशा सुमारास, पावसाळ्याच्या सबबीवर चार महिने तहकूब राहिलेला पहाटे धावण्याचा परिपाठ पुनश्च सुरू करण्याचा हुकूम मी स्वतःवर बजावला. अंमलबजावणी मात्र वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुदतवाढ घेत राहिली.

कारणे सबळ होती. नरकचतुर्दशीस सूर्योदयापूर्वी उठलो खरा. परंतु अभ्यंगस्नानाने सुगंधित झालेल्या गृहस्थाने लगोलग शिवाजी पार्काच्या कट्ट्याभोवती घाम गाळावा, हे मला धर्मशास्त्रास धरून वाटले नाही. (धर्मशास्त्र मी वाचलेले नाही.) डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले, आणि त्या पंधरवड्यात पायांनी केलेला पराक्रम तेवढाच. पाडव्यास, भाऊबीजेस कोणाकडे अनारसा नाकारणे म्हणजे यजमानीणबाईंच्या पाककौशल्याविरुद्ध लेखी तक्रार दाखल करण्यासारखेच.

जानेवारीतला तिसरा रविवार, म्हणजे मुंबईची मॅरेथॉन, आणि तिचे ४२.१९५ किलोमीटर आठवून अखेर एके दिवशी माळ्यावरून बूट काढले. उजव्यात जूनचा चिखल वाळून खापरीसारखा झालेला, डाव्यात कोण्या बालकाने दडविलेली अर्धी फुलबाजी. कट्ट्यापाशी पोहोचून, श्वासोच्छ्वास भात्यासारखा चालू असता, शंभरेक पावले धावलो असेन, तोच शेजारचे आजोबा सहानुभूतीने थांबले.

"काय हो, बस चुकली वाटतं?"

मी होय म्हणालो.