दावा परत

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी एलएल.बी.ला प्रवेश घेतला. "तुम्ही वकीलच व्हायला हवं होतं," असं सोसायटीतले सगळे म्हणायचे. माझ्या तावडीतून सुटायची ती सभ्य रीत होती, हे पुढे कळलं. नळ गळला तरी प्लंबरच्या आधी मी आयुक्तांना पत्र लिहितो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पेपरात प्रश्न आला: रामाची जमीन वाईत. शेजारच्या शामाने बांध कोरून पट्टा बळकावला. राम राहतो ठाण्यात, शाम पुण्यात. दाव्याचं मूल्य तीन लाख. ताबा मिळवण्यासाठी रामाने दावा कुठे लावावा?

मला स्फुरणच चढलं. लिहिलं: 'बांध म्हणजे सीमा. सीमेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. महाराष्ट्राने २००४ साली संविधानाच्या कलम १३१ खाली सीमाभागासाठी तोच मार्ग धरला.' वर, 'दिल्लीत गर्दी असल्यास मुंबई उच्च न्यायालयही चालेल,' अशी मोकळीकही रामाला दिली. चार पुरवण्या लागल्या.

बाहेर आल्यावर वर्गातल्या बावीस वर्षांच्या मुलाने समजावलं, "काका, कलम १६: जमीन जिथे, दावा तिथे. कलम १५: सक्षम कोर्टांपैकी सगळ्यात खालच्या पायरीवर. पाच लाखांपर्यंत कनिष्ठ स्तर. म्हणजे वाईचं दिवाणी न्यायालय, कनिष्ठ स्तर. संपलं."

"आणि १३१?"

"ते राज्याराज्यांतल्या किंवा केंद्र-राज्यांतल्या भांडणाला. रामाला राज्याचा दर्जा मिळाला तर बघू."

निकाल लागला. शंभरात एकवीस. फेरमूल्यांकनासाठी मी अर्थातच थेट कुलगुरूंना पत्र धाडलं. प्रत राज्यपालांना, कारण कुलपती तेच. पंधरा दिवसांनी पत्र परत. वर निळ्या शाईत शेरा: 'अर्ज विहित नमुन्यात, शुल्कासह, खिडकी क्रमांक ३ वर सादर करावा.'

शेऱ्याची भाषा कुठेतरी वाचल्यासारखी वाटली. गाइड उघडलं. आदेश ७, नियम १०: न्यायालयाला अधिकारक्षेत्र नसेल तर वादपत्र योग्य न्यायालयात सादर करण्यासाठी परत करावे.

हाही प्रश्न पेपरात होता. दहा गुणांना. मी तो ऑप्शनला टाकला होता.